दातावर दात

दिवसभरात मी एकच वाक्य इतक्या वेळा बोलते की झोपेतसुद्धा बडबडत असेन. "दातावर दात ठेवा, ओठ सैल सोडा, हलू नका आणि दात काढू नका." शेवटच्या तीन शब्दांवर हमखास घोटाळा होतो. परवा एक आजोबा यंत्रात मान अडकलेली असतानाच म्हणाले, "अहो बाई, मी कुठे काढतोय? ते डॉक्टर काढणार आहेत." मी म्हटलं, "आजोबा, हसू नका म्हणतेय मी." तर म्हणाले, "या खोलीत हसण्यासारखं आहे तरी काय?" तेही खरंच आहे म्हणा.

खोली म्हणजे दवाखान्याच्या मागच्या बाजूची एक बिनखिडकीची जागा. मध्ये यंत्र, बाजूला शिशाचा पत्रा बसवलेलं दार, दाराबाहेर मी आणि माझं बटण. यंत्राला दोन खुंट्या आहेत, त्या दोन्ही कानांत बसतात आणि डोकं जागच्या जागी राहतं. मग चेहऱ्याचा एका बाजूने एक्स-रे निघतो. कवटी, नाक, जबडा, दात, सगळं एका चित्रात. हे चित्र लागतं आमच्या तारवाल्या डॉक्टरांना. दातांना तारा लावतात म्हणून पेशंट त्यांना तसंच म्हणतात. त्या चित्रावर रेघा ओढून त्या कोन आणि उंच्या मोजतात आणि मग दात काढून तारा लावायच्या की न काढता, ते ठरवतात.

दातावर दात का, ते मी प्रत्येकाला समजावते. दाढा एकमेकींवर टेकल्या नाहीत तर खालचा जबडा खाली लोंबतो, चेहरा आहे त्याहून लांब येतो आणि पुढचा सगळा हिशोब चुकतो. लोक ऐकतात आणि सोडून देतात. पण माझी भाची कॉलेज सुटल्यावर बाहेरच्या बाकावर मोबाइल घेऊन बसायची आणि घरी जाताना मी तिला स्कूटरवर सोडायचे. ती हे प्रवचन रोज ऐकत होती, आणि तिने ते सोडून दिलं नाही.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची मुलगी. घरात तिला सगळे शेंग म्हणतात. जन्मली तेव्हापासून लांब आणि सडपातळ, म्हणून शेंग. चेहराही तसाच. वरचे दात पुढे, त्यामुळे ओठ नीट मिटत नाहीत. फोटो काढताना ही बया हटकून हात तोंडासमोर धरणार. दातांचं काहीतरी करायचं, हे सतराव्या वर्षी तिनेच ठरवलं.

डॉक्टरांनी तोंड तपासलं, साचे घेतले आणि म्हणाल्या, "ही काठावरची केस आहे. वर दोन, खाली दोन असे चार दात काढून जागा करता येईल. नाहीतर न काढता, दातांच्या कडा किंचित घासूनही भागेल. चेहऱ्याचा खालचा भाग फार लांब असेल तर मी काढायच्या बाजूने असते. न काढता दाढा मागे ढकलत गेलं तर जबडा आणखी उघडायची भीती असते, असं आम्हाला शिकवलंय. आधी एक्स-रे बघू."

वहिनींचं तोंड एवढंसं झालं. "चांगले दात काढायचे?" दादा तर फोनवर ओरडलाच, "दात सुधारायला दात काढायचे, हे कुठलं शास्त्र?" आणि शेंग मात्र डोळे मोठे करून ऐकत होती. मला वाटलं, घाबरली असेल बिचारी. बिचारी कसली!

एक्स-रे मीच काढला. तिला यंत्रात उभं केलं, खुंट्या बसवल्या, वाक्य म्हटलं. तिचे ओठ तसेही अर्धवट उघडेच असतात, त्यामुळे सैल ओठांआड काय चाललंय ते बाहेरून कळायला मार्ग नाही. वहिनी दारातून दहा प्रश्न विचारत होत्या, मी त्यांना उत्तरं देत होते. बटण दाबलं, झालं.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी बोलावलं. पडद्यावर शेंगेचा चेहरा आणि त्यावर रेघांचं जाळं. "खालचा भाग बराच लांब येतोय. तोंड तपासलं तेव्हा मला एवढा वाटला नव्हता," त्या म्हणाल्या. "पण आकडे हे असे आहेत. काढूया चार." दात काढायला बुधवारी दुसरे डॉक्टर येतात. त्यांचं खरं आडनाव वेगळं, पण आम्ही त्यांना उपटे डॉक्टर म्हणतो. बुधवार ठरला. वहिनींनी पदराने डोळे टिपले आणि शेंग? दात काढायचे ठरले म्हणून दात काढत होती.

मला ते खटकलं. त्याच संध्याकाळी तिला घरी सोडायला गेले तेव्हा तिच्या खोलीत जाऊन विचारलं, "काय गं, चार दात जाणार आणि तुला उकळ्या कसल्या फुटतायत?"

तिने दार लोटलं. "आत्या, कुणाला सांगणार नसशील तर सांगते."

"सांग."

तिने माझ्यासमोर ओठ सैल सोडले. "बघ. आत्ता दातावर दात आहेत?"

"असतील."

"नाहीत!" आणि खदखदून हसली. "तुला कळलं नाही, मशीनला कळलं नाही, डॉक्टरांना कळलं नाही. तूच रोज सांगतेस ना, दात सुटले की चेहरा लांब येतो? लांब आला तर डॉक्टर दात काढणार. दात काढले की दाढा पुढे सरकतात, जबडा मिटतो आणि चेहरा छोटा होतो. मी सगळं वाचलंय मोबाइलवर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझीच शिकवणी माझ्यावर उलटवली होती कार्टीने. "अगं शहाणे, दात आहेत ते, नखं नाहीत पुन्हा उगवायला! मी उद्याच डॉक्टरांना सांगते."

"आत्या, नको! प्लीज."

"का नको? एवढी काय आग लागली आहे चेहरा छोटा करायची?"

ती खिडकीशी गेली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कारण मला तुझ्यासारखं दिसायचं नाही."

असं कुणी तोंडावर म्हटलं की काय करायचं असतं ते मला माहीत नाही. मी स्कूटरची किल्ली उचलली आणि निघाले. वाईट वाटलं. खूप वाटलं. ती जन्मली तेव्हा दवाखान्यात सगळ्यात आधी मीच म्हटलं होतं, ही माझ्यावर गेली आहे. पेढे वाटल्यासारखी सांगत सुटले होते सगळ्यांना.

आणखी एक गोष्ट तिला सांगता आली असती, पण जीभच उचलली नाही. तिच्या वयाची असताना माझेही चार दात काढले होते. दादा तेव्हा शिकायला बाहेरगावी होता, त्याला तारा तेवढ्या माहीत. सुळ्यामागचा एकेक, चारही बाजूंचा. तारा लावून फटी मिटल्या, आता आत बघितल्याशिवाय कळत नाही. आणि माझी आयुष्यभराची समजूत काय, तर ते चार दात काढले म्हणूनच माझं तोंड असं लांबलं. दादाचे दात शाबूत राहिले, आणि मी आपली घोडतोंडी झाले. आरशात बघितलं की पहिला विचार तोच. आता शेंगेचंही तेच होणार, हे मला दिसत होतं.

सकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्या चिडल्या, पण आधी स्वतःवरच. "मला शंका आली होती, तरी मी आकड्यांवर गेले. बुधवार रद्द करा. एक्स-रेची फिल्म परत काढू."

पण शेंग यायला तयार असेल तर ना! घरी तिने कानांवर हात ठेवले. "मी दातावर दात ठेवले होते. आत्या खोटं बोलते." आणि झालं, सगळे तिच्या बाजूने. वहिनींचा मला फोन, "ताई, आधी काढा म्हणायचं, मग थांबा म्हणायचं, हा काय पोरखेळ आहे? मी एवढं मन घट्ट केलं. आम्ही आता फिल्म घेऊन दुसरीकडे जातो. शुक्रवारची वेळ मिळाली आहे." दादा म्हणाला, "तुझं काहीतरी चुकलं असेल बटण दाबताना. होतं असं. त्या पोरीवर कशाला ढकलतेस?" आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

मी डॉक्टरांपुढे जाऊन बसले. म्हटलं, "ती खोटी फिल्म घेऊन शुक्रवारी दुसरीकडे जाणार आहेत. तिथे कुणी काढले चार दात, तर त्या पोरीची माझ्यासारखी गत होईल."

"तुमच्यासारखी म्हणजे?"

मी सांगितलं. चार दात, लांब तोंड, सगळं. डॉक्टर ऐकत होत्या, मग खुर्ची फिरवून कॉम्प्युटरकडे वळल्या. "मागे तुमचा जबडा दुखत होता तेव्हा तुमची फिल्म काढली होती ना? आणि तुमचे दादा घोरण्याच्या तक्रारीसाठी आले होते, त्यांचीही याच यंत्रावर काढली आहे. थांबा जरा."

त्यांनी दोन्ही पडद्यावर आणल्या. नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंत चेहऱ्याची उंची मोजली, मग नाकाखालचा भाग त्यातला कितवा हिस्सा आहे ते काढलं. एकदा माझं, एकदा दादाचं. मग पुन्हा एकदा, कारण मी हट्ट धरला.

"सारखंच आहे," त्या म्हणाल्या.

"असं कसं? माझे चार काढले, त्याचा एकही नाही!"

"म्हणूनच सांगतेय. आता दोघा भावंडांवरून शास्त्र ठरत नाही. पण पुष्कळ ठिकाणी पुष्कळ पेशंट मोजून झालेत. चेहऱ्याच्या उंचीचं म्हणाल तर दात काढलेले आणि न काढलेले यांत सांगण्यासारखा फरक क्वचितच निघतो. दात पुढचे मागे होतात, ओठ थोडे बसतात. उंची वाढायची तेवढी वाढते. मीही शिकवलेलं ते धरून बसले होते, खोटं कशाला बोलू?"

 इतकी वर्षं ज्याच्यावर खापर फोडलं ते कारणच हातातून गेलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वगैरे काही वाटलं नाही. राग आला. कुणाचा, तेच कळेना.

डॉक्टरांनी मला दोन्ही चेहऱ्यांच्या रेघा पारदर्शक कागदावर छापून दिल्या, नावं न घालता. त्या घेऊन मी गुरुवारी दादाकडे गेले. सगळे बाहेरच्या खोलीत होते. दादा, वहिनी आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत आई. आमची आई दादाकडेच राहते. जेवण झालं की कवळी काढून वाटीत ठेवते आणि मग बोळक्या तोंडाने सगळ्यांच्या बोलण्यात भाग घेते. शेंग मला बघून उठायला लागली.

"बस," मी म्हटलं. "दोन मिनिटं बस, मग जन्मभर बोलू नकोस."

ती बसली. मी दोन्ही कागद एकावर एक ठेवून ट्यूबलाइटसमोर धरले. "यातल्या एकाचे तुझ्या वयात चार दात काढलेत. दुसऱ्याचा एकही नाही. सांग बघू, कुणाचे काढलेत?"

शेंगेने ते माझ्या हातातून घेतले. जवळ धरले, लांब धरले. हनुवटीशी रेघा जवळजवळ एकच झाल्या होत्या. "ह्या नाकवाल्याचे," ती म्हणाली. "याचं जरा छोटं वाटतंय."

"ते नाक तुझ्या बाबाचं आहे. त्याचे सगळे जागेवर आहेत."

"मग दुसरं कुणाचं?" वहिनींनी विचारलं.

मी आ केला. शेंगेने आधी माझ्याकडे संशयाने बघितलं, मग मोबाइलचा टॉर्च लावून माझ्या तोंडात डोकावली. आपल्या जिभेने स्वतःचे दात चाचपत, माझे मोजत गेली. वर, खाली, पुन्हा वर. "खरंच नाहीयेत," ती म्हणाली. "आत्या, तू कधी बोलली नाहीस!"

"बोलण्यासारखं काय होतं त्यात?"

"पण मग तुझा चेहरा छोटा का नाही झाला?"

"मी तर समजत होते त्यामुळेच लांब झाला. तू समजतेस त्यामुळे छोटा होतो. दोघी एकाच माळेचे मणी. होत काहीच नाही."

वहिनी शेंगेकडे वळल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "खरं सांग. मुद्दाम जबडा सोडला होतास?"

शेंग कागदाकडेच बघत राहिली. दादा काहीतरी बोलायला गेला, वहिनींनी त्याला हातानेच थांबवलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आई म्हणाली, "डॉक्टर नको म्हणत होते."

मला वाटलं, ती शेंगेच्या डॉक्टरांबद्दल बोलते आहे. "नाही आई, आधी त्या हो म्हणाल्या होत्या, मग..."

"तुझ्या वेळचं सांगतेय. तुझे डॉक्टर म्हणाले होते, जागा पुरेशी आहे, तारा लावल्या तरी भागेल. मीच म्हटलं, काढा. मला कुणीतरी सांगितलं होतं, दात काढले की तोंड आखडतं. मला शाळेत घोडी म्हणायचे गं. घरात म्हणायचे, बाहेर म्हणायचे. तुझा चेहरा माझ्या वळणावर चाललेला दिसला, आणि मला काही सुचेना."

 मी आईकडे बघत होते. कवळी काढलेली, गाल आत गेलेले, नाक हनुवटीला टेकायला आलेलं. दात गेल्यावर तिचा चेहरा अखेर छोटा झाला होता.

"माझे चांगले चार दात!" मी म्हटलं. आवाज चढला होता माझा, तो मला खाली आणता येईना. "आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"कुठल्या तोंडाने सांगू?" आई म्हणाली. "काढल्यावर तुझं आणखी लांब दिसायला लागलं. तुला वाटायचं तसंच मलाही वाटायचं. म्हटलं, करायला गेले एक आणि करून बसले भलतंच."

मी पाणी प्यायला आत गेले. ओट्याशी उभी राहून दोन पेले प्यायले. मला आईवर ओरडायचं होतं आणि तिला जवळही घ्यायचं होतं, आणि दोन्ही एकदम करता येत नाही म्हणून मी बाहेर येऊन तिच्या पायांवर चादर घातली. आई हळूच म्हणाली, "म्हणजे दात काढल्यामुळे नाही ना झालं?" मी म्हटलं, "नाही." तिने पुन्हा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "डॉक्टरांनी दोनदा मोजलंय." शेंग तेव्हा आपल्या खोलीत निघून गेली होती.

शुक्रवारी दुपारी ती एकटीच दवाखान्यात आली. बाकावर बसली नाही, सरळ माझ्या खोलीत घुसली, दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि यंत्रात जाऊन उभी राहिली.

"आज दुसरीकडे जायचं होतं ना?" मी विचारलं.

"आईने फोन करून रद्द केलं. काढ."

मी खुंट्या बसवल्या. वाक्य म्हणायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "पाठ आहे मला." या वेळी मी वाकून खालून बघितलं, गालावर बोट ठेवून दाढा टेकल्याची खात्री केली. तिने मला बघू दिलं. मग मी बाहेर येऊन बटण दाबलं.

डॉक्टरांनी तिच्यासमोरच रेघा ओढल्या. खालचा भाग लांबच आला, पण पहिल्या वेळेइतका अजिबात नाही. "दात न काढता होईल," त्या म्हणाल्या. "वरचे मागे येतील, ओठ मिटतील, हसताना हात धरायला लागणार नाही. काढले तरी दातांची रांग चांगलीच येईल. पण तुला जे हवंय ते कशानेच येणार नाही. तू आता मोठी आहेस, म्हणून मी तुझ्या आईच्या आधी तुला विचारते. काय करायचं?"

शेंग पडद्यावर स्वतःची हनुवटी बघत होती. "चेहरा थोडाही छोटा नाही होणार?"

"नाही. अजून वाढतं वय आहे, एखादा मिलिमीटर वाढेलच."

"मग राहू देत दात," ती म्हणाली आणि उठून माझ्या खोलीत आली. मी दार लावून घेतलं. ती यंत्राला टेकून रडायला लागली, हुंदके देऊन, नाक वाहेपर्यंत. बाहेर पुढचा पेशंट खाकरत होता. मी तिला गप्प केलं नाही आणि तू सुंदरच आहेस वगैरे काही बोललेही नाही, तिने ते ऐकून घेतलं नसतं. मी तिला नॅपकिन दिला आणि म्हटलं, "रड. तुझ्या वयात मीही अशीच रडले होते, फक्त चार दात घालवून."